अर्धशिशी : मेंदूच्या फोटोत काय दिसते, काय दिसत नाही

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन रुग्ण मेंदूचे फोटो घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. पहिल्या एका शाळेतल्या शिक्षिका. वय चाळिशीच्या आत. हातात एम.आर.आय.ची ती मोठी पिशवी. रिपोर्टमध्ये लिहिले होते की मेंदूच्या पांढऱ्या भागात काही बारीक ठिपके दिसतात, त्यांना विशिष्ट असा अर्थ लावता येत नाही. बाईंनी 'ठिपके' एवढेच वाचले होते. तीन रात्री झोप नव्हती. खुर्चीवर बसता बसता त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, माझ्या मेंदूला भोकं पडायला लागलीत का? मुलं लहान आहेत हो माझी."

दुसरी जवळच्या खेड्यातली, जेमतेम पंचविशीची सून. सोबत नवरा आणि सासू. तपासणीच्या खर्चासाठी घरची शेळी विकली होती. रिपोर्ट संपूर्ण नॉर्मल. नवरा म्हणाला, "साहेब, एवढा पैसा घातला आन् मशीन म्हणतंय काहीच नाही. मग हिचं महिन्यातनं चार दिस आंधारात पडून राहणं, ते नाटकच म्हणायचं का?" ती बिचारी भिंतीकडे तोंड करून, पदर डोळ्यांवर ओढून बसली होती. डोके तेव्हाही दुखतच होते.

एकीला काहीतरी दिसले म्हणून ती घाबरली. दुसरीला काहीच दिसले नाही म्हणून तिच्यावर खोटेपणाचा ठपका आला. वाचकहो, दोघींचा आजार एकच होता, अर्धशिशी. आणि दोघींच्या घरच्यांनी फोटोचा लावलेला अर्थ सपशेल चुकीचा होता. म्हणून आज या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

हा आजार कसा ओळखावा?

अर्धशिशी हे नाव फार जुने. आयुर्वेदात याला 'अर्धावभेदक' म्हटले आहे. आपल्याकडे मात्र निम्म्याहून अधिक रुग्ण येतात ते "पित्ताचा त्रास आहे" असे सांगत. कारण उघड आहे. डोके ठणकते, मळमळते, उलटी होते आणि उलटी झाल्यावर अनेकांचे डोके उतरते. मग सगळा दोष पित्तावर जातो. कोणी सायनस म्हणतो, कोणी चष्म्याचा नंबर बदलून घेतो, तर कोणी लिंबू उतरवून टाकतो. औषध मात्र चुकते.

अर्धशिशीची खूण अशी. बहुधा डोक्याची एक बाजू, पण कधी दोन्हीही, ठणठण ठणकते. चालले, जिना चढला की दुखणे वाढते. उजेड आणि आवाज सहन होत नाही. मळमळ किंवा उलटी असते. उपचार न केल्यास हा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो, आणि म्हणूनच घरच्यांना संशय येतो. बायकांत हे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट आहे.

हा आजार दुर्मिळ नाही. बंगळूर शहर आणि आसपासच्या खेड्यांत झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के निघाले. म्हणजे चार माणसांमागे एक. आपल्या गल्लीतली घरे मोजा आणि हिशेब करून पाहा.

फोटोच्या दोन तऱ्हा

आता मशीनकडे वळू. आपल्या जिल्ह्याच्या गावी जो सी.टी. स्कॅन निघतो तो क्ष-किरणांनी काढलेला मेंदूचा आडवा काप असतो. माणसाच्या मेंदूचा असा पहिला फोटो लंडनमध्ये १९७१ साली निघाला आणि त्या शोधासाठी हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात. शक्तिशाली चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातल्या पाण्याच्या अणूंकडून चित्र उभे केले जाते. त्याबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ साली हाच मान मिळाला.

ही दोन्ही चित्रे प्रामुख्याने मेंदूची 'बांधणी' दाखवतात. गाठ, रक्तस्राव, पू, पाणी साठणे, रक्त न पोचल्याने मेलेला भाग, असे काही असेल तर ते दिसते. मेंदूचे 'काम' कसे चालले आहे हे मात्र त्यात दिसत नाही. घरातल्या वायरिंगचा फोटो काढला तर तुटलेली तार त्यात दिसेल. पण व्होल्टेज खालीवर होऊन दिवे लुकलुकतात, ते फोटोत कसे यावे? अर्धशिशी हा तारा तुटण्याचा आजार नाही, तो व्होल्टेजचा आजार आहे. त्यामुळे अर्धशिशीच्या बहुसंख्य रुग्णांचा साधा स्कॅन नॉर्मलच येतो आणि तसाच यायला हवा.

मग मेंदूचे काम दिसावे कसे? त्यासाठी शास्त्रज्ञांनी वेगळ्या तऱ्हा काढल्या. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे रक्त जास्त धावते. 'पेट' तपासणीत अगदी अल्प किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन ते रक्त कुठे जाते ते टिपतात. 'फंक्शनल एम.आर.आय.' या पद्धतीत रक्तातल्या प्राणवायूच्या फरकावरून तेच ओळखतात. ही पद्धत १९९०च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञ सेजी ओगावा यांच्या कामातून पुढे आली. अर्धशिशीच्या बाबतीत या दोन्ही तपासण्या संशोधनासाठी आहेत, रोजच्या निदानासाठी नव्हेत. पण त्यांनी या आजाराबद्दलची आमची समजूत पार बदलून टाकली.

किल्ल्याचा तट आणि सरकणारी लाट

अर्धशिशीच्या काही रुग्णांना, सुमारे चौघा-पाचांतल्या एकाला, डोके दुखण्याआधी वीस-पंचवीस मिनिटे डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेषा दिसते. याला 'ऑरा' म्हणतात. आपण 'पूर्वछाया' म्हणू. ही रेषा नजरेच्या मध्याजवळ सुरू होते, हळूहळू मोठी होत कडेला सरकते आणि तिच्या मागे काही काळ दिसेनासे होते. ह्युबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टराने १८७० साली स्वतःला दिसणाऱ्या या रेषेची सुंदर चित्रे प्रसिद्ध केली. कोनाकोनांची, किल्ल्याच्या तटासारखी ती रेषा आजही आमच्या पुस्तकांत छापतात.

१९४१ साली कार्ल लॅशले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच पूर्वछायेचे नकाशे काढून गणित मांडले. नजरेतली रेषा या वेगाने सरकते, तर मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या दृष्टीच्या पट्ट्यावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर या वेगाने सरकत असले पाहिजे. तीनच वर्षांनी, १९४४ साली, लिआव या ब्राझीलच्या संशोधकाने सशाच्या मेंदूवर प्रयोग करताना खरोखरच अशी लाट पाहिली. आधी पेशींची क्षणभर खळबळ, मागोमाग काही मिनिटांची शांतता. आणि ती सरकते जवळपास त्याच संथ गतीने. लिआव शोधत होते फिट्सच्या आजाराबद्दल, हाती लागली अर्धशिशीची किल्ली.

पण माणसात ही लाट दाखवायची कशी? १९८१ साली कोपनहेगनमध्ये ओलेसेन आणि सहकाऱ्यांनी मेंदूतला रक्तप्रवाह मोजताना पाहिले की पूर्वछायेच्या वेळी कमी रक्तप्रवाहाचा पट्टा मेंदूच्या मागून पुढे सरकतो. मग २००१ साली अमेरिकेत बोस्टनच्या हाजीखानी आणि सहकाऱ्यांनी फंक्शनल एम.आर.आय.मध्ये रुग्ण झोपलेला असताना पूर्वछाया पकडली. झटका काही मशीनची वेळ पाहून येत नाही. पण त्यांच्या एका रुग्णाला बराच वेळ बास्केटबॉल खेळल्यावर हमखास पूर्वछाया येत असे. त्याला खेळवून मशीनमध्ये झोपवले. दृष्टीच्या पट्ट्यावरून बदल सरकताना दिसला, मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिमीटर. लॅशलेने साठ वर्षांपूर्वी कागदावर काढलेला आकडा आणि मशीनचा आकडा जवळजवळ एकच निघाला!

रक्तवाहिन्या दोषी की निर्दोष?

आम्ही कॉलेजात शिकलो ते असे : डोक्याच्या रक्तवाहिन्या आधी आकसतात, त्यामुळे पूर्वछाया येते, मग त्या फुगतात, त्यामुळे डोके ठणकते. न्यूयॉर्कचे डॉ. हॅरल्ड वुल्फ यांनी १९३०-४०च्या दशकांत मांडलेला हा सिद्धांत पुढे कित्येक वर्षे चालला. तो ऐकायला सोपा होता आणि ठणका नाडीच्या ठोक्यासारखा असल्याने पटायचाही.

मेंदूच्या चित्रांनी त्याला धक्का दिला. कोपनहेगनच्या अभ्यासांत दिसले की डोके दुखायला लागते तेव्हा अनेकदा रक्तप्रवाह कमीच असतो, वाढलेला नसतो. १९९५ साली जर्मनीत नऊ रुग्णांची झटका चालू असताना 'पेट' तपासणी झाली. त्यात मेंदूच्या देठाचा, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागाचा, विशिष्ट ठिकाणचा रक्तप्रवाह वाढलेला दिसला. सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन दिल्यावर दुखणे थांबले, तरी देठातला तो भाग जागाच होता. याचा अर्थ, वेदना शमली तरी झटका चालवणारे यंत्र आत सुरू होते. औषधाचा अंमल संपल्यावर दुसऱ्या दिवशी डोके पुन्हा का दुखते, हे कोडे त्यावरून थोडे उलगडते.

पुढे २०१३ साली डेन्मार्कमध्येच १९ स्त्रियांच्या रक्तवाहिन्यांचे फोटो प्रत्यक्ष झटक्यात काढले. कवटीच्या बाहेरच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या नव्हत्या. आतल्या रक्तवाहिन्यांचा फुगवटाही अगदी किंचित होता. एवढ्याशाने एवढी वेदना होणार नाही. आज आम्ही असे मानतो की मूळ बिघाड मेंदूच्या चेतापेशींत आहे आणि रक्तवाहिन्या त्या नाटकातले दुय्यम पात्र आहेत.

मग दुखते ते नेमके काय? गंमत अशी की मेंदूच्या गराला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती त्याच्या भोवतीच्या आवरणांना आणि त्यांतल्या रक्तवाहिन्यांना. चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूचे धागे तिथे पसरलेले असतात. झटक्यात हे धागे चेततात आणि सी.जी.आर.पी. नावाचे प्रथिन सोडतात. १९९० साली गोड्सबी व एडविन्सन यांनी झटक्याच्या वेळी मानेच्या शिरेतल्या रक्तात हे वाढलेले दाखवले. त्या एका धाग्यावरून ओढत ओढत या प्रथिनाला अडवणारी औषधे तयार झाली आणि २०१८ सालापासून परदेशात वापरात आली. या कामाबद्दल ओलेसेन, गोड्सबी, एडविन्सन आणि मॉस्कोविट्झ या चौघांना २०२१ साली डेन्मार्कचा मेंदूविज्ञानातला मोठा पुरस्कार मिळाला.

झटका आदल्या दिवशीच सुरू होतो

मला सर्वांत आवडलेला अभ्यास जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा, २०१६ सालचा. त्यात रुग्ण एकच, एक स्त्री. तिच्या मेंदूचे तीस दिवस, रोज, फंक्शनल एम.आर.आय. काढले. त्या महिन्यात तिला तीन झटके आले आणि अभ्यासासाठी तिने ते औषधाविना सोसले. या बाईंचे उपकार मानावेत तेवढे थोडे. दिसले काय? डोके दुखायला लागण्याच्या आदल्या चोवीस तासांतच मेंदूच्या तळाशी असलेल्या 'हायपोथॅलॅमस' या भागाचे काम बदललेले होते.

हा भाग म्हणजे शरीराचे घड्याळ आणि कोठीघर. झोप, भूक, तहान, पाळीचे चक्र, शरीराचे तापमान, सगळ्यांवर त्याची देखरेख. आता आपल्या रुग्णांच्या तक्रारी आठवा. "उपवास केला की डोकं दुखतं." "जागरण झालं की दुखतं." "पाळीच्या आदल्या दिवशी हमखास." या सगळ्या वाटा त्याच एका ठाण्यावरून जातात. आणि झटक्याच्या आदल्या दिवशी काहींना सारख्या जांभया येतात, मान आखडते, लघवीला वारंवार जावे लागते, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते.

या शेवटच्या लक्षणावरून एक शिकण्यासारखे आहे. बाई म्हणतात, "काल पेढा खाल्ला म्हणून आज डोकं दुखलं." कदाचित उलटेही असेल. झटका आत सुरू झाला होता म्हणूनच पेढा खावासा वाटला. म्हणून प्रत्येक पदार्थाला गुन्हेगार ठरवून ताट रिकामे करू नये. उपाशी राहणे हे पेढ्यापेक्षा कितीतरी घातक.

ते पांढरे ठिपके

आता शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाकडे येतो. मेंदूच्या आतल्या भागात तारांचे जाळे असते, त्याला पांढरा भाग म्हणतात. एम.आर.आय.मध्ये तिथे कधी कधी बारीक चमकदार ठिपके दिसतात. ही भोके नव्हेत आणि गाठीही नव्हेत. वय वाढते तसे निरोगी माणसांतही हे ठिपके वाढतात. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू-विडी यांनीही ते वाढतात.

अर्धशिशीशी त्यांचा संबंध आहे काय? हॉलंडमध्ये यावर मोठा अभ्यास झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की माणसे दवाखान्यातून नव्हे, सर्वसामान्य लोकवस्तीतून निवडली होती. २००४ साली आलेल्या निष्कर्षांत अर्धशिशी असलेल्या स्त्रियांत असे ठिपके अधिक असण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळली. पुरुषांत असा फरक दिसला नाही. पूर्वछाया असलेल्या आणि महिन्यातून एक किंवा अधिक झटके येणाऱ्या काहींच्या लहान मेंदूत, त्यांना स्वतःला कधीच न जाणवलेल्या, रक्त अडल्याच्या बारीक खुणाही दिसल्या.

हे वाचून कोणीही घाबरेल. पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच माणसांना सुमारे नऊ वर्षांनी पुन्हा बोलावले. २०१२ साली निष्कर्ष आले. अर्धशिशी असलेल्या ७७ टक्के स्त्रियांत ठिपके वाढले होते. पण अर्धशिशी नसलेल्या स्त्रियांतही ते ६० टक्क्यांत वाढलेच होते. ठिपक्यांची वाढ आणि झटक्यांची संख्या यांचा मेळ बसला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्मरणशक्ती आणि बुद्धीच्या चाचण्यांत अर्धशिशीवाले मागे पडले नव्हते. फ्रान्समध्ये वृद्धांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचाही सूर हाच होता. ठिपके होते, बुद्धीची घसरण त्यांच्यामुळे झाली नव्हती.

मेंदूच्या काही भागांची जाडी अर्धशिशीच्या रुग्णांत वेगळी असते, असेही अनेक अभ्यास सांगतात. पण एका प्रयोगशाळेचे उत्तर दुसरीशी नेहमी जुळत नाही. शिवाय हे फरक पन्नास जणांची सरासरी दुसऱ्या पन्नास जणांच्या सरासरीशी ताडल्यावर निघतात. एका माणसाचा फोटो पाहून "याला अर्धशिशी आहे" असे आजही कोणी सांगू शकत नाही. निदान होते ते रुग्णाची हकिकत नीट ऐकून आणि त्याला तपासून. तेव्हा ठिपके दिसले तर मेंदूची चिंता सोडून रक्तदाब मोजा, रक्तातली साखर तपासा, तंबाखू बंद करा. ठिपक्यांवरचे औषध म्हणून कोणी गोळ्यांची लांबलचक यादी दिली तर ती कशासाठी, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

एक इशारा मात्र देतो. पूर्वछायेसह अर्धशिशी असलेल्यांत पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. तरुण वयात मुळातला धोकाच फार कमी असल्याने दुप्पट होऊनही तो थोडाच राहतो. पण त्यात विडी-तंबाखू आणि इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी यांची भर पडली तर तो बराच वाढतो. माला-एनसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असते. म्हणून डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसणाऱ्या स्त्रियांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी आणि दुसरे साधन निवडावे. त्यासाठी एम.आर.आय. लागत नाही, एक प्रश्न पुरतो.

फोटो केव्हा काढावाच?

वर्षानुवर्षे ठरावीक पद्धतीने येणारी, मध्ये पूर्ण बरी होणारी डोकेदुखी असेल आणि डॉक्टरांना तपासणीत काही वावगे आढळले नसेल, तर स्कॅनची बहुधा गरज नसते. परंतु पुढीलपैकी काही असेल तर शेळी विकावी लागली तरी विलंब करू नये.

१) मिनिटाभरात कळसाला पोचणारी, "आयुष्यात कधी अशी दुखली नाही" अशी डोकेदुखी. मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असू शकतो. हे तातडीचे आहे.

२) ताप आणि मान ताठ होणे, गुंगी, असंबद्ध बोलणे.

३) हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडे बोलणे, दोन-दोन दिसणे, फिट येणे.

४) पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी.

५) गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नव्याने सुरू झालेली जोराची डोकेदुखी. याला 'वारं लागलं', 'डोकं बांधलं नाही म्हणून' असे म्हणून घरी बसू नये. मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका या काळात वाढलेला असतो. रक्तदाबही लगेच मोजावा.

६) दिवसेंदिवस वाढत जाणारी, खोकताना-शिंकताना उफाळणारी, झोपेतून उठवणारी डोकेदुखी.

७) डोक्याला मार लागल्यावर, किंवा कर्करोग अथवा एच.आय.व्ही. असलेल्या रुग्णाला सुरू झालेली डोकेदुखी.

कोणता फोटो काढायचा हे डॉक्टरांना ठरवू द्या. रक्तस्राव आणि मार यांसाठी सी.टी. लवकर होतो आणि पुरेसा असतो. एम.आर.आय.ला जाताना शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असल्यास आधी सांगावे. मंगळसूत्र, जोडवी काढून ठेवावीत. आणि स्कॅन केंद्रात जाऊन "तो फंक्शनलवाला काढा" असा आग्रह धरू नये. अर्धशिशीच्या उपचारात त्याने काही फरक पडत नाही.

मग करायचे काय?

सर्वांत स्वस्त तपासणी तुमच्या घराच्या भिंतीवर टांगलेली आहे. दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर डोके दुखेल त्या दिवशी फुली मारा. गोळी घेतली तर फुलीभोवती गोल करा. पाळीची तारीख, उपवास, जागरण, उन्हातला प्रवास तिथेच लिहा. तीन महिन्यांचे असे कागद मला दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतात.

झटका सुरू होताच, अगदी पहिल्या अर्ध्या तासात, डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी पुऱ्या प्रमाणात घ्यावी. "बघू, जरा सोसून पाहू" असे म्हणत दुपार झाली की पोट गोळी पुढे सरकवत नाही आणि उलटीतून ती बाहेर पडते. अंधाऱ्या खोलीत पडावे, पाणी प्यावे. हृदयविकार असलेल्यांनी ट्रिप्टान गटातली औषधे घेऊ नयेत.

मात्र कॅलेंडरवरचे गोल मोजत राहा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. मेडिकलमधून पट्टीच्या पट्टी आणणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावे. महिन्यात चारहून अधिक दिवस वाया जात असतील तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधे आहेत. ती जुनी आहेत आणि त्यांतली बरीच स्वस्तही आहेत. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना व्हाल्प्रोएट देऊ नये, म्हणून ती स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत डॉक्टर बदलू नका.

वेळेवर जेवण, ठरावीक झोप, रोज थोडे चालणे. हायपोथॅलॅमसला नियमितपणा आवडतो. कडक उपवास करणाऱ्यांनी निदान फळे, दूध, पाणी वेळेवर घ्यावे. देव काही त्यासाठी रागावणार नाही.

त्या दोघींचे पुढे काय झाले?

शिक्षिकाबाईंना मी हॉलंडच्या त्या बायकांची गोष्ट सांगितली. रक्तदाब मोजला, थोडा वाढलेला निघाला. त्यावर उपचार सुरू झाले. फोटोची पिशवी कपाटाच्या तळाशी ठेवा म्हटले. त्या आता झोपतात.

खेड्यातल्या त्या घरी मात्र औषधाआधी समजूत घालावी लागली. नवऱ्याला मी विचारले, "विहिरीवरचा पंप बंद पडला की काय बघता?" तो म्हणाला, "आधी लाईट बघतो, मग मोटर." "आणि लाईट कमीजास्त होत असेल तर मोटर उघडून काय दिसेल?" तो काही बोलला नाही. मग मी सांगितले, नॉर्मल रिपोर्ट म्हणजे गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुखत नाही, असा त्याचा अर्थ नाही. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी झटका चालू असताना मेंदूत डोकावून पाहिले आहे आणि तिथे खरोखर काहीतरी घडताना दिसले आहे. तुमच्या बायकोचे दुखणे खरे आहे.

एवढा वेळ गप्प बसलेली सासू तेव्हा हळूच म्हणाली, "मलाबी व्हायचं बाबा असंच. उलट्या व्हायच्या. पण तवा कुणाला सांगायचं?" अर्धशिशी पुष्कळदा घराण्यात चालते. ते खरे, पण सून आणि सासू यांना जोडणारे रक्ताचे नाते नव्हते. दोघींना जोडणारे होते ते एकच : दुखणे अंगावर काढण्याची सवय.

दोन महिन्यांनी ती सून पुन्हा आली. सोबत कॅलेंडरचे पान होते. फुल्या निम्म्यावर आल्या होत्या. पान भरून आणले होते तिच्या सासूने.